इंजिनाचा वेग जागेवर ठेवणारा गव्हर्नर: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

कडबाकुट्टीजवळ दोन मिनिटं उभं राहा, गव्हर्नर काय करतो ते कानालाच कळेल. ज्वारीच्या कडब्याची पेंढी तोंडात गेली की इंजिनाचा आवाज जड होतो, वेग किंचित पडतो, धुराड्यातून एक गडद झुबका निघतो आणि फेरे पुन्हा सावरतात. पेंढी संपली की इंजिन जरासं उधळतं आणि लगेच आवरतं. एवढ्या वेळात डिझेल कमी-जास्त करायला कुणाचाही हात लागलेला नसतो. इंजिनाच्या पोटात दोन वजनं, एक स्प्रिंग आणि एक दांडी असते. सगळा कारभार त्यांचा.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून सोलापुरात अक्कलकोट रोडच्या नाहीतर चिंचोलीच्या एमआयडीसीत नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. मोहोळ-मंगळवेढ्याकडचे जे शेतकरी विहिरीवरचं इंजिन स्वतःच खोलतात, त्यांनाही ते उपयोगी पडेल. उदाहरणाला मुख्यतः एका सिलिंडरचं, संथ चालीचं, ६५० आरपीएमचं (मिनिटाला ६५० फेरे) लिस्टर पद्धतीचं डिझेल इंजिन घेतलं आहे. त्याचा गव्हर्नर डोळ्यांनी दिसतो, हाताने हलवता येतो. तो समजला की जनरेटर सेटचा गव्हर्नर अवघड वाटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नवा माणूस हमखास उलटं करतो: वेगाची तक्रार आली म्हणून थेट स्प्रिंगच्या नटाला पाना लावायचा नाही. स्प्रिंगची पाळी सगळ्यात शेवटी. बहुतेक इंजिनांत तोवर दोष दुसरीकडेच सापडलेला असतो.

फ्लायव्हील वेगळं, गव्हर्नर वेगळा

“एवढं मोठं चाक आहे की, मग गव्हर्नर कशाला?” हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच ताकदीचा स्ट्रोक मिळतो. उरलेले तीन स्ट्रोक इंजिन स्वतःची ताकद खातं. त्या दोन फेऱ्यांतला चढउतार फ्लायव्हील गिळून टाकतं. पण कडब्याची पेंढी किंवा पिठाच्या गिरणीतलं दाणं पाच-दहा सेकंद लागोपाठ ओझं टाकत राहिलं, तर फ्लायव्हील साठवलेली ताकद देऊन देऊन हळूहळू मंदावतं. त्याला डिझेल वाढवता येत नाही. ते काम गव्हर्नरचं: सरासरी वेग कुठे चालला आहे ते बघायचं आणि इंधन त्याप्रमाणे सोडायचं.

म्हणून इंजिन प्रत्येक फेऱ्याला धक्का देत असेल, तर गव्हर्नरकडे बघू नका. ओझं बदललं की वेग पडून तिथेच राहत असेल, तरच पुढचं वाचा.

आत काय घडतं

गव्हर्नरची वजनं इंजिनाबरोबर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्यांच्या टाचा शाफ्टवर सरकणाऱ्या एका नळीला, म्हणजे स्लीव्हला, ढकलतात. स्लीव्ह दांडीला ढकलतं आणि दांडी फ्युएल पंपाच्या रॅकला (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्टीला) डिझेल कमी करायच्या बाजूला नेते. स्प्रिंग उलट्या बाजूने ओढत असते. वेग पडला की वजनं आत येतात, स्प्रिंग जिंकते, डिझेल वाढतं. दोन्ही ओढी जिथे बरोबरीत येतात, तो इंजिनाचा वेग.

वजनाचा बाहेरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्के वाढला तर जोर एकवीस टक्के वाढतो. अर्ध्या किलोचं वजन केंद्रापासून ६० मिलिमीटरवर ६५० आरपीएमने फिरत असेल तर ते साधारण १४ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. तेच १५०० आरपीएमला सुमारे ७५ किलो. एका इंजिनाची स्प्रिंग दुसऱ्या इंजिनाला ‘दिसायला सारखी आहे’ म्हणून लावायची नाही, त्याचं कारण हा हिशेब.

ही युक्ती फार जुनी. पवनचक्कीत जात्याच्या दगडांमधलं अंतर राखायला फिरत्या गोळ्यांचा उपयोग आधीपासून होत होता. जेम्स वॉटने १७८८ साली तीच कल्पना वाफेच्या इंजिनावर आणली. बर्मिंगहॅमच्या सोहो कारखान्यात धातूला झिलई देणारी यंत्रं चालवणारं ते इंजिन आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आपल्या सोलापूरची ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापड गिरणी १८७७ सालची. वाफेच्या काळातल्या कापड गिरण्यांत एका इंजिनावरून लांबलचक शाफ्ट आणि पट्टे घालून खात्यांतली यंत्रं फिरवायची रीत होती. वेग उसळला की सूत तुटायचं, मंदावला की माल कमी निघायचा. कापडाच्या गावाला गव्हर्नरचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

वॉटच्या गव्हर्नरात स्प्रिंग नव्हती, नुसते लोंबते गोळे. पुस्तकात तो पहिला येतो म्हणून मुलं त्याचाच आराखडा डोक्यात धरून बसतात, पण वेगवान शाफ्टवर तो कामाचा नाही. गोळे टांगणीच्या बिंदूपासून किती खाली राहतील ते ८९५ भागिले आरपीएमचा वर्ग, इतके मीटर. ६० आरपीएमला हे अंतर सुमारे २५ सेंटिमीटर येतं, १२० ला जेमतेम सहा आणि ६५० ला दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरमध्ये चढउतार दिसणार तरी काय? म्हणून १८५८ साली पोर्टरने मधोमध जड वजन बसवलं, आणि पुढे हार्टनेलच्या गव्हर्नरात वजनाच्या जागी स्प्रिंग आली. आपल्या हाताखाली येतात ते बहुतेक या स्प्रिंगवाल्या घराण्यातले.

वेग थोडा पडलाच पाहिजे

ग्राहकाला हवं असतं ते असं: नो लोडला ६५०, फुल लोडलाही ६५०. साध्या यांत्रिक गव्हर्नरला हे जमत नाही आणि त्याने ते करूही नये. जास्त डिझेल द्यायचं तर रॅक सरकला पाहिजे. रॅक सरकायला वजनं आत यायला हवीत आणि ती आत येतात वेग पडल्यावरच. म्हणजे ओझं जास्त असताना इंजिन थोडं कमी वेगाने चालणार. या फरकाला ड्रूप म्हणतात. नो लोडचा वेग वजा फुल लोडचा वेग, भागिले फुल लोडचा वेग. ६८० वरून ६५० वर आलं तर ३० भागिले ६५०, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. शेतातल्या इंजिनाला हे उत्तम आहे.

जनरेटरवर हाच हिशेब हर्ट्झमध्ये करा. चार पोलचा अल्टरनेटर १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ देतो. नो लोडला १५६० ठेवलं तर ५२ हर्ट्झ, ड्रूप चार टक्के. वीज गेल्यावर सेटवर चालणाऱ्या यंत्रमागाची मोटर हर्ट्झच्या मागे धावते, त्यामुळे टॉवेलच्या मागाचा वेगही त्या वेळी डिझेल इंजिनाच्या गव्हर्नरच्याच हातात असतो. दोन सेट समांतर जोडले असतील तर ओझं वाटून घ्यायलाही ड्रूप लागतोच. तो शून्यावर आणला तर एक सेट सगळं ओझं ओढतो आणि दुसरा मोकळा फिरतो.

ड्रूप फारच कमी केला की स्लीव्हला थांबायला ठरलेली जागा राहत नाही. जरा धक्का बसला की रॅक या टोकाला, मग त्या टोकाला. यालाच हंटिंग म्हणतात. ग्राहकाच्या भाषेत: “मिस्त्री, इंजिन वरखाली करायलंय ओ.”

हात लावण्यापूर्वी

गव्हर्नरचं काम चुकलं तर इंजिन बंद पडत नाही, पळत सुटतं. हा धोका नव्या माणसाला जाणवत नाही. फ्लायव्हीलच्या कडेतला ताणही वेगाच्या वर्गाने वाढतो. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड ६५० आरपीएमला सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने जाते. ओतीव लोखंडाच्या चाकाला ३० मीटरच्या आसपास मर्यादा मानायची जुनी रीत आहे. वेग दुप्पट झाला की ही कड ४० मीटरवर पोचते आणि ताण चौपट होतो. चाक फुटलं तर तुकडे चाकाच्या रेषेतच जातात. म्हणून चालू इंजिनाजवळ त्या रेषेत उभं राहायचं नाही, दुसऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही. पट्ट्यावर जाळी हवी. उपरणं, धोतराचा सोगा, ओढणी, लोंबती बाही आवरून घ्यायची.

इंजिन सुटलं तर थांबवायचं कसं, हे सुरू करण्यापूर्वी ठरवून ठेवा. पहिलं, पंपाचा स्टॉप लिव्हर. तो हाताने एकदा हलवून रॅक खरंच शून्यावर जातो का ते बघा. दुसरं, हवेचं तोंड झाकायला एक जाड, सपाट फळी हाताशी ठेवा. हात किंवा फडकं लावायचं नाही, इंजिन दोन्ही ओढून घेतं. डिझेल तोडल्यावरही इंजिन थांबलं नाही तर फळीच कामाला येते. असं होऊ शकतं: आपल्याकडच्या धुळीमुळे तेलाच्या भांड्याचा एअर क्लिनर असतो. त्यात खुणेच्या वर तेल भरलं तर इंजिन ते तेल ओढून त्यावरच पळायला लागतं. तेव्हा गव्हर्नर बिचारा डिझेल पूर्ण बंद करून बसलेला असतो आणि शिव्या मात्र त्यालाच बसतात. एअर क्लिनरची पातळी आधी तपासा. नोझलकडे जाणारी नळी चालू इंजिनावर ढिली करायची नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

पहिली पायरी: मोजा आणि लिहून ठेवा

नेमप्लेटवरचा वेग पाहा. प्लेट गायब असेल तर पुलींचे व्यास मोजून, पंपाला किंवा अल्टरनेटरला किती आरपीएम लागतं त्यावरून मागे हिशेब करा. मग नो लोड, साधारण अर्धं आणि फुल लोड, अशा तीन ठिकाणी वेग घ्या. प्रत्येक वेळी इंजिन स्थिर होईपर्यंत थांबा. इंजिन आधी तापू द्या. गारठलेल्या इंजिनाचे आकडे फसवतात. एप्रिल-मे सोडला तर सोलापुरातही सकाळचं तेल चांगलंच घट्ट असतं.

शाफ्टच्या टोकाला टेकवायचा टॅकोमीटर सगळ्यात भरवशाचा. प्रकाशाचा टॅकोमीटर वापरत असाल तर चमकती पट्टी एकच लावा आणि चाकावरचे ग्रीसचे चमकते डाग पुसा, नाहीतर तो दुप्पट आकडा दाखवेल.

यंत्र नसेल तेव्हाची एक जुनी युक्ती आहे. चोक असलेली ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. पुलीवर समान अंतरावर चार खडूच्या रेघा मारल्या आणि शाफ्ट बरोबर १५०० आरपीएमने फिरत असेल, तर त्या प्रकाशात रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. वेग कमी असला तर रेघा मागे सरकतात, जास्त असला तर पुढे. १००० आरपीएमला सहा रेघा, ७५० ला आठ. ६५० ला ही युक्ती बसत नाही, कारण ६००० ला ६५० ने पूर्ण भाग जात नाही. सगळ्याच एलईडी दिव्यांखाली ती जमत नाही, बरेचसे एलईडी तितके लुकलुकत नाहीत.

यात एक सापळा आहे. दिवा महावितरणच्या विजेवर असला पाहिजे. तुम्ही ज्या जनरेटरचा वेग बघताय त्याच्याच विजेवर दिवा लावला, तर इंजिन चौदाशेवर असो की सोळाशेवर, चार रेघा ढिम्म उभ्याच दिसणार. शाफ्टबरोबर दिव्याची लुकलुकही हलते. सेटवर मोजायचं तर फ्रिक्वेन्सी मीटर लावा आणि मोकळे व्हा.

आणखी एक काळजी. रेघा उभ्या दिसतात म्हणून चाक थांबल्यासारखं वाटतं. हात नेऊ नका.

दुसरी पायरी: दोषी गव्हर्नरच आहे का?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि ती चुकवूनच लोक स्प्रिंगा बदलत बसतात. फुल लोड असताना वेग पडलेला आहे, त्या वेळी रॅक कुठे आहे ते पाहा.

रॅक फुल डिझेलच्या टोकाला टेकलेला असेल तर गव्हर्नरने त्याचं काम केलं आहे. द्यायला आणखी काही उरलेलंच नाही. मग दोष इंजिनात किंवा ओझ्यात. डिझेल फिल्टर तुंबला आहे का, टाकीत पाणी आहे का, नोझल ठिबकतो का, कॉम्प्रेशन गेलं आहे का, पट्टा घसरतो का, की मालकाने पंपच मोठा बसवला? धूर काळा असेल तर डिझेल जातं आहे पण नीट जळत नाही. धूर नाहीच आणि ताकदही नाही, तर डिझेलच पोचत नाही. अशा वेळी स्प्रिंग आवळली तर नो लोडचा वेग भरमसाट वाढतो आणि फुल लोडला काहीच फरक पडत नाही. कुणीतरी आधी स्प्रिंग आवळून ठेवलेलं इंजिन याच खुणेवरून ओळखू येतं.

रॅकला पुढे जायला जागा आहे, तरी वेग पडलेलाच आहे, असं असेल तर मात्र गव्हर्नरकडे वळा.

तिसरी पायरी: घर्षण आणि ढिलाई

इंजिन बंद करा, गार होऊ द्या. स्प्रिंग सोडवा. आता रॅक आणि दांडी नुसत्या बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. कुठेही अडायला नको, खरखरायला नको. मधल्या टप्प्यात जास्त लक्ष द्या. रॅक वर्षानुवर्षं त्याच जागेवर नाचत असतो, म्हणून तिथे खाच पडते.

अडत असेल तर आधी दांडी पंपापासून वेगळी करा. आता रॅक सरळ सरकतो का? सरकत असेल तर अडचण दांडीच्या सांध्यांत. नसेल तर पंपात, आणि पंप उघडायचा तो पंपाच्या कारागिराकडे, कट्ट्यावर नाही. सांध्यांत कडब्याचा भुसा आणि तेल मिळून काळा, चिवट लगदा बसलेला असतो. डिझेलने धुऊन काढा. मग पातळ तेलाचा एक थेंब. ग्रीस नको, ग्रीस धूळ धरून ठेवतं.

घर्षण असलं की काय होतं? वेग थोडा बदलला तरी दांडी हलत नाही. जोर साचत जातो आणि मग ती एकदम उडी मारते. तोवर वेग बराच पुढे गेलेला असतो. दांडी परत यायलाही तसाच उशीर. असं अडणं आणि उडी मारणं म्हणजेच हंटिंग, आणि ते स्प्रिंगने जात नाही.

ढिलाईचं तसंच. पिन आणि भोक यांत प्ले वाढला की वजनं हलतात पण रॅक हलत नाही. दांडी हलक्या हाताने मागेपुढे करून बघा, एकेका सांध्याचा खुळखुळा कळतो. मूळ पिनेच्या जागी खिळा किंवा तार घातलेली हमखास सापडते. भोक लांबट झालं असेल तर रीमर फिरवून बुश बसवा आणि नवी पिन घाला. लेथवरचं हे अर्ध्या तासाचं काम असतं, आणि त्यातच बरीचशी इंजिनं सुधारतात.

झाकण उघडलंच आहे तर वजनंही बघा. दोन्ही सारखीच बाहेर पडली पाहिजेत. टाचांना सपाट झीज झाली असेल तर वजनं पूर्ण उघडली तरी स्लीव्ह पूर्ण सरकत नाही. स्लीव्हच्या थ्रस्ट बेअरिंगला बोट लावून फिरवा, करकरलं तर बदला. वजनं बदलायची तर जोडीनेच.

चौथी पायरी: दांडीची लांबी

इथे एकच कसोटी, पण त्यात सूट नाही: वजनं पूर्ण बाहेर उघडायच्या आधीच रॅक शून्य डिझेलवर पोचला पाहिजे. इंजिन बंद असताना वजनं हाताने बाहेर ढकलून बघा. रॅक शून्यावर टेकल्यावरही वजनांना थोडी जागा शिल्लक असेल तर बरोबर. वजनं टेकली आणि रॅक अजून शून्यावर गेला नसेल, तर ओझं एकदम सुटल्यावर इंजिन पळणारच. दांडीच्या टोकाची आट्यांची बाजू फिरवून लांबी जुळवा, चेकनट घट्ट करा. दुसरं टोकही बघा: वजनं पूर्ण आत असताना रॅक फुल डिझेलला गेला पाहिजे, नाहीतर इंजिन सुरू व्हायलाच कुरकुर करेल.

पाचवी पायरी: आता स्प्रिंग

स्प्रिंगचे दोन गुण वेगळे समजून घ्या. एक म्हणजे ताण, नट आवळून येतो तो. त्याने वेग वरखाली होतो. दुसरा म्हणजे कडकपणा, तिच्या तारेवर आणि वेढ्यांवर ठरतो तो. त्याने ड्रूप बदलतो. वेग सगळ्याच ओझ्यांवर सारखाच कमी असेल तर ताण वाढवा. नो लोड आणि फुल लोड यांत फरक फार असेल तर स्प्रिंग जास्त कडक आहे. फरक फारच थोडा आणि इंजिन झुलतं आहे, तर ती मऊ आहे.

जुनी, ताणून लांब झालेली स्प्रिंग कापून ‘नीट’ करायची सवय आपल्याकडे आहे. वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग कडक होते. दहापैकी दोन वेढे कापले तर कडकपणा सव्वापट. मग मालक म्हणतो, मिस्त्रीने वेग आणला पण ओझं आलं की इंजिन बसतं. कापू नका, त्याच मापाची नवी आणा.

काही इंजिनांत स्प्रिंग अडकवायला दांडीला दोन-तीन भोकं असतात. टेकूपासून लांबच्या भोकात घातली की ड्रूप वाढतो, जवळच्या भोकात कमी होतो, आणि फरक अंतराच्या वर्गाने पडतो. एका भोकाने इकडचं तिकडे झालं तरी बराच बदल दिसतो. भोक बदललं की ताण पुन्हा जुळवावा लागतो.

नट अर्धा-अर्धा फेरा फिरवा. प्रत्येक वेळी इंजिन स्थिर होऊ द्या आणि आकडा लिहा. आधी फुल लोडचा वेग जुळवा, मग नो लोड बघा. उलट क्रमाने केलं तर दोन्हींत अडकून बसाल.

तरीही झुलत असेल तर

हंटिंगला ठेका असतो: वर, खाली, वर, खाली, दर दोन-तीन सेकंदांनी. मिसफायरला ठेका नसतो. कान तयार नसेल तर एक परीक्षा करा. ओझं थोडं आणि कायम ठेवून, चाकापासून दूरच्या बाजूने, रॅकची दांडी क्षणभर बोटाने आहे तिथेच धरा. वेग शांत झाला तर गव्हर्नर झुलवतो आहे. दांडी धरूनही वरखाली चालूच असेल तर डिझेलच्या लायनीत हवा आहे किंवा नोझल बिघडलेला आहे. दुसरा हात स्टॉप लिव्हरवरच ठेवा.

मोठ्या गव्हर्नरात तेल भरलेला डॅशपॉट असतो, तो झोके शोषतो. त्यातलं तेल गेलं किंवा फार पातळ झालं की झुलणं सुरू होतं. हे झोके पहिल्यांदा नीट मांडले ते कारखानदारांनी नव्हे. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या दुर्बिणीला ताऱ्यामागे एकसारखं फिरवणारा गव्हर्नर झुलायला लागला, तेव्हा त्यांनी १८४० साली त्याचं गणित मांडलं. १८६८ साली मॅक्सवेलने गव्हर्नर कधी स्थिर राहतो आणि कधी नाही यावर निबंध लिहिला. नियंत्रणशास्त्र शिकायला जाल तेव्हा तो पुन्हा भेटेल.

शेवटची चाचणी

फुल लोडवर इंजिन चालू असताना ओझं एकदम काढा. सेटवर असेल तर ब्रेकर पाडा, कडबाकुट्टीवर असेल तर पेंढी थांबवा. पट्टा मात्र चालू इंजिनावर काढायचा नाही. वेग क्षणभर नो लोडच्या आकड्याच्या थोडा वर जातो, एक-दोन लहान झोके घेतो आणि थांबतो. असं झालं तर काम झालं. झोके मोठे होत गेले तर तिसऱ्या पायरीकडे परत जा, पाचव्या नाही.

मग चेकनट आवळा आणि नटावर रंगाचा एक ठिपका द्या. मालकाच्या वहीत तारीख, नो लोड आणि फुल लोडचे आकडे लिहून द्या. पुढच्या वेळी ठिपका सरकलेला दिसला तर मधल्या काळात कुणाचा पाना फिरला ते विचारायचीही गरज पडत नाही.

याच घराण्यातली बाकीची मंडळी

गड्ड्याच्या यात्रेत जुन्या वस्तूंच्या पथारीवर चावीचा ग्रामोफोन मिळाला तर त्याचं पोट उघडून बघा. पातळ पट्टीच्या स्प्रिंगांवर तीन वजनं असतात. वेग वाढला की एक चकती सरकून चामड्याच्या किंवा फेल्टच्या गादीला घासते. इथे ताकद कमी करत नाहीत, जास्तीची घासून उडवतात. त्याचा वेग तपासायच्या ५० हर्ट्झच्या चकतीवर ७७ रेघा असतात, ट्यूबलाइटची तीच युक्ती. ठोके देणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळात तर नुसता पंखा असतो, हवाच त्याला आवरते. काही जुनी इंजिनं वेग वाढला की एखादा स्ट्रोक चक्क गाळतात. त्यांना हिट अँड मिस म्हणतात, आणि त्यांचा फटफट-गप्प-फटफट आवाज हा बिघाड नसतो.

जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे नोकरीत टर्बाइन भेटण्याची शक्यता मोठी. तिथे फिरती वजनं असली तरी ती वाफेचा जड व्हॉल्व्ह स्वतः ढकलत नाहीत. ती तेलाची एक छोटी वाट उघडतात आणि दाबाचं तेल व्हॉल्व्ह हलवतं. नव्या टर्बाइनवर वजनांच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. त्याशिवाय शाफ्टमध्ये एक वेगळा ओव्हरस्पीड ट्रिप असतो: केंद्रापासून किंचित बाजूला बसवलेला, स्प्रिंगने दाबून धरलेला बोल्ट. वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे, साधारण ११० टक्क्यांच्या आसपास गेला की तो बाहेर उडतो, खटका पाडतो आणि वाफ बंद होते. गव्हर्नर वेग सांभाळतो, ट्रिप फक्त यंत्र वाचवतो. वेग खाली आला तरी ट्रिप आपोआप परत लागत नाही, हाताने रिसेट करावा लागतो. तो पडला असेल तर व्हॉल्व्ह अडकला होता की तेलाचा दाब गेला होता, हे सापडल्याशिवाय रिसेटच्या दांड्याला हात लावू नका. सीझन चालू असताना, बाहेर उसाच्या गाड्या उभ्या असताना, वरिष्ठ घाई करतील तेव्हाही नाही.